तिसऱ्या गिअरमधली थरथर

दसऱ्यानंतरच्या रविवारी आत्या नेहमीप्रमाणे मनोरीहून बांगडे घेऊन आली. मी तिखलं केलं, तिघं जेवायला बसलो आणि भात कालवता कालवता ती सहज म्हणाली, "तीन-चार दिवस झाले, गाडी चालवताना हाताला मुंग्या येतात. आणि आरशात मागची गाडी एकाची दोन दिसते."

ती गाडीची तक्रार सांगत होती. बाबांनी ती आत्याचीच तक्रार समजली. त्यांचा घास हातातच राहिला. हाताला मुंग्या, डोळ्यांना दोन-दोन दिसणं, वय सत्तरीच्या पुढचं. त्यांनी मनातल्या मनात तिला हॉस्पिटलात नेऊनसुद्धा ठेवलं असणार. आई गेल्यापासून बाबांच्या जगात दोनच माणसं उरली आहेत, एक मी आणि एक त्यांची ही मोठी बहीण. त्यामुळे घाबरण्याच्या बाबतीत त्यांचा हात कुणी धरू शकत नाही.

"ताई, किल्ली दे," ते म्हणाले.

"कसली?"

"गाडीची. डॉक्टरांनी बघेपर्यंत तू गाडी चालवायची नाहीस."

आत्याने काट्यातून बांगडा सोडवत त्यांच्याकडे पाहिलं. "अरे, मी गाडीबद्दल बोलतेय. तिसऱ्या गिअरमध्ये पन्नासच्या आसपास गेली की अख्खी गाडी थरथरते. चौथा टाकला की बंद. माझे हात काय गिअर बघून थरथरतात?"

पण एकदा बाबांनी धसका घेतला की घेतला. शेवटी तिने किल्ली ताटाशेजारी आपटली आणि मुकाट्याने भात संपवला. ती मुकाट्याने जेवते आहे हे दृश्य मी त्यापूर्वी पाहिलं नव्हतं.

आत्याबद्दल सांगायला हवं. तिने लग्न केलं नाही आणि का केलं नाही असं विचारणाऱ्यालाही सोडलं नाही. मुलुंडला आमच्या शेजारच्याच इमारतीत एकटी राहते. नोकरी अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात केली, तीही बॅलन्सिंग खात्यात. पंप आणि मोठाले पंखे यांचे फिरणारे भाग तिच्या हाताखालून जायचे. फिरणारी वस्तू एका बाजूला किंचित जड असली तरी वेगात आल्यावर ती सगळ्या यंत्राला हादरवते. तेवढा जडपणा शोधायचा आणि तेवढंच लोखंड कोरून काढायचं, हे तिचं काम. सुरुवातीला 'बाई काय मशीन बघणार' म्हणणारे लोक नंतर तिची सही असल्याशिवाय माल उचलत नसत. हे ती स्वतःच सांगते, आणि जरासुद्धा न लाजता सांगते. मला तिचं हे फार आवडतं. आपल्याला येतं ते येतं असं खणखणीत म्हणणाऱ्या बायका आमच्या घराण्यात दुसऱ्या नाहीत.

आणि गाडी म्हणजे तिची ती जुनी पेट्रोलची गाडी. आता तिचे सुटे भाग शोधत हिंडावं लागतं. दर रविवारी पहाटे आत्या ती काढते, लिंक रोडने मार्व्याच्या धक्क्यापर्यंत जाते, गाडी तिथे लावते, तरीतून खाडी ओलांडून मनोरीला उतरते, थोडं फिरते, ओळखीच्या कोळणीशी भांडून मासे घेते आणि जेवायच्या वेळेला परत. या फेरीत ती कुणालाही बरोबर नेत नाही. मी एकदा येते म्हटलं तर म्हणाली, "आठवडाभर तुम्ही सगळे असताच ना." त्यामुळे किल्ली जाणं म्हणजे नुसती गाडी जाणं नव्हतं. रिक्षाने मार्व्याला जाता येतंच, पण मग कुणीतरी 'पोचलीस का' म्हणून फोन करणार, 'मी सोडतो' म्हणणार, आणि तिचा रविवार सगळ्यांचा होणार. हे तिला माहीत होतं. मलाही माहीत होतं. बाबांना फक्त ती सुखरूप हवी होती.

मग डॉक्टर झाले. डोळे तपासले, हाताच्या नसा तपासल्या, डोक्याचं स्कॅन केलं. सगळं वयाच्या मानाने उत्तम निघालं. पण डॉक्टर म्हणाले, "तरी काही दिवस ड्रायव्हिंग नको," आणि बाबांना तेवढंच ऐकू आलं.

त्या संध्याकाळी आत्या आमच्याकडे आली ती उंबऱ्यातच उभी राहिली. "हे बघ रे, माझी तपासणी झाली. माझ्यात काही सापडलं नाही. आता गाडीची तपासणी करू. तिच्यातही काही सापडलं नाही, तर किल्ली कायमची तुझी. पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार नाही, शब्द देते. पण तपासणी माझ्या पद्धतीने होणार आणि तू समोर उभा राहणार."

बाबा लगेच हो म्हणाले. त्यांच्या दृष्टीने हा सौदा सोपा होता, कारण गाडी दसऱ्यालाच गॅरेजमधून काम करून आली होती. क्लच घसरत होता म्हणून नवीन क्लच बसवला होता, आणि फ्लायव्हील चरे पडल्यामुळे कुर्ल्याला लेथवर नेऊन घासून आणलं होतं. नुकती दुरुस्त केलेली गाडी बिघडलेली कशी असेल? बँकेत उभी हयात काढलेल्या माणसाचा हा हिशेब होता. मी मात्र आतून हलले, कारण आत्या दिलेला शब्द मोडत नाही. गाडीत काही निघालं नाही तर ती खरंच पुन्हा कधी गाडी चालवणार नव्हती.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गॅरेजमध्ये हजर झालो. गॅरेजवाला आमच्या जुन्या ओळखीचा, दणकट आणि बडबड्या माणूस. इंजिनाचा आवाज ऐकून रोग सांगतो अशी त्याची भांडुपपर्यंत ख्याती आहे आणि ती पसरवण्यात त्याचाही हातभार आहे.

"मावशी, मी चालवून बघितली ना. झकास चालते," तो म्हणाला. "आता जुनी गाडी हाय, थोडी हलणारच. आपलं वय झालं की आपण नाय हलत?"

बाबांनी खाकरून दुसरीकडे पाहिलं.

"जुनी झाली म्हणून हलते, हे निदान नाही," आत्या म्हणाली. "हा टोमणा आहे. बोनेट उघड."

तिने पर्समधून घरचं स्टीलचं फुलपात्र काढलं, त्यात पाणी ओतलं आणि इंजिनावरच्या एअर फिल्टरच्या सपाट झाकणावर ठेवलं. तिची पद्धत मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. अमुक खराब आहे असं आधी म्हणायचंच नाही. काय काय खराब नाही ते एकेक करून बाजूला काढायचं. गाडी जागच्या जागी उभी, गिअर न्यूट्रलमध्ये. गॅरेजवाला हळूहळू ॲक्सिलरेटर दाबत गेला. पाणी आधी नुसतं डुचमळत होतं. मग इंजिनाचा आवाज एका ठराविक पट्टीवर चढला आणि पाण्यावर एकात एक अशी बारीक वलयं उमटली. आवाज आणखी चढला तशी ती मोडून पाणी थयथयायला लागलं.

"हा आवाज ऐक. तिसऱ्या गिअरमध्ये पन्नासला असतो तोच," ती म्हणाली. "चाकं जागेवर आहेत आणि थरथर आहे. म्हणजे टायर, चाकं, मागच्या चाकांकडे जाणारा दांडा, सगळे निर्दोष."

मग तिने स्पार्क प्लगच्या वायरी एकेक काढून लावायला सांगितल्या. प्रत्येक वायर काढली की इंजिन सारखंच अडखळलं. म्हणजे चारही सिलिंडर आपापलं काम इमानाने करत होते. मग पट्टा उतरवून पंखा बंद केला आणि इंजिन थोडाच वेळ चालवलं. वलयं होतीच. मग क्लच दाबून पाहिला, म्हणजे गिअरबॉक्सकडे जाणारा मार्ग तुटला. तरी वलयं होतीच. एव्हाना गॅरेजवाल्याची बडबड बंद पडली होती. तो ॲक्सिलरेटर सोडून खाली उतरला आणि फुलपात्रावर वाकून उभा राहिला.

"रबर माउंटिंग बदलू?" त्याने विचारलं, पण आता विचारण्याचा सूर वेगळा होता.

"रबर हादरा गिळतं, हादरा देत नाही. बदललंस तर त्रास कमी वाटेल, पण दोष तिथेच राहील. आणि लक्षात घे, आवाज वाढतो तशी थरथर वाढते. म्हणजे काहीतरी फिरणारं एका बाजूला जड झालंय, आणि नुकतंच काढून बसवलंय ते फ्लायव्हील."

मी बाबांना समजावून सांगितलं, कारण आत्या सांगायला लागली की ओरडते. इंजिनाच्या मागच्या टोकाला परातीएवढी एक जड लोखंडी चकती असते, ते फ्लायव्हील. ते इंजिनाचे धक्के सांभाळतं. वॉशिंग मशीनमध्ये ओली चादर एका बाजूला गोळा झाली की मशीन कसं नाचतं, तसं हे फ्लायव्हील एका बाजूला जड झालं की गाडी नाचते.

"पाणी काय, ट्रक गेला तरी हलतं," बाबा म्हणाले. किल्ली वाचवायची त्यांची धडपड होती. "मला तर काही जाणवत नाही."

"चल मग, जाणवून देते."

गॅरेजवाला स्टिअरिंगवर बसला, आत्या त्याच्या शेजारी, बाबा आणि मी मागे. लिंक रोडवर सकाळी बऱ्यापैकी मोकळं होतं. त्याने सवयीने चौथा टाकायला हात नेला तर आत्याने गिअरवरच हात ठेवला. "तिसऱ्यातच राहा. वाढव." मग तिने मधला आरसा बाबांच्या दिशेने वळवला. "बघ त्यात. मागे पिवळ्या पाटीचा टेम्पो आहे."

गाडी पन्नासच्या जवळ आली. सीटखालून एक बारीक गुणगुण चढली, माझ्या तळपायांना गुदगुल्या झाल्या. बाबा आरशात बघत होते, बघता बघता पुढे सरकले आणि चष्मा सारखा करून म्हणाले, "अगं... दोन टेम्पो दिसतायत."

"हो का?" आत्या पुढेच बघत म्हणाली. "अरेरे. आता तुझंही स्कॅन करूया."

गॅरेजवाला एवढा हसला की त्याला गाडी बाजूला घ्यावी लागली. मीही हसले. पण आत्या हसत नव्हती. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले होते आणि ती त्यांच्याकडे बघत होती, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की तिलाही शंका आली होती. सगळे जण सांगत असताना तिलासुद्धा वाटलं असेल की गाडी नाही, आपणच. तरी तिने आधी दोषी ठरवलं नाही, गाडीला नाही आणि स्वतःलाही नाही. माझ्या ओळखीत एवढा न्यायी माणूस दुसरा नाही.

गिअरबॉक्स आणि क्लच उतरवल्याचा निरोप आला तेव्हा आम्ही पुन्हा गेलो. बाबा तर स्वतःहून चप्पल घालून तयार. आत्या गुडघ्याखाली पोतं घेऊन गाडीशी वाकली. इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. पूर्वी कधीतरी हे इंजिन पूर्ण उघडलं होतं, तेव्हा तिने साहेबांची परवानगी काढून क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा, आणि फ्लायव्हील एकमेकांना जोडलेल्या अवस्थेत कारखान्यात नेलं आणि आपल्या मशीनवर जोडीने बॅलन्स केलं होतं. फ्लायव्हीलचे बोल्ट सारख्या अंतरावर असतात, ते कसंही फिरवून बसतं. पण जोडीने बॅलन्स केल्यावर त्याची बरोबर जागा एकच. ती चुकू नये म्हणून तिने दोन्हींवर समोरासमोर पंचाने एकेक बारीक टिंब मारलं होतं. गॅरेजवाल्याला हे माहीत होतं. म्हणून तर त्याने फ्लायव्हील काढण्याआधी, पटकन दिसावं म्हणून, दोन्हींवर लाल ऑइलपेंटचा ठिपका दिला होता.

"आणि लालला लाल जुळवूनच बसवलंय मी," तो म्हणाला. "हे बघा ना मावशी."

खरंच दोन लाल ठिपके समोरासमोर होते. आत्याने रॉकेलच्या फडक्याने फ्लायव्हील पुसत पुसत तिचं स्वतःचं टिंब शोधलं. ते भलतीकडेच होतं, जवळजवळ विरुद्ध बाजूला. मग तिने क्रँकवरचा लाल ठिपका नखाने खरवडला. त्याचा पापुद्रा निघाला. फ्लायव्हीलवरचा खरवडला. त्याचा पापुद्रा निघाला नाही. थोडा तेलात मुरला होता आणि उरलेला पिठासारखा तिच्या बोटाला लागला. तिने ते बोट उजेडात धरलं.

"हा रंग नाही रे," ती म्हणाली. "कुंकू आहे."

म्हणजे लेथवाल्याकडे फ्लायव्हील धुतलं तेव्हा त्याच्यावरचा रंग निघून गेला होता. ते परत येऊन गॅरेजच्या टेबलावर पडलं होतं, तोवर खंडेनवमी आली. त्या दिवशी गॅरेजमध्ये पाने, जॅक, सगळ्यांची पूजा झाली. कुणीतरी फ्लायव्हीललाही बोट लावलं, आणि गॅरेजवाल्याला, तो शोधत होता ती लाल खूण आयती मिळाली.

"पण मी तर नाय लावलं!" तो कळवळून म्हणाला. "मी फक्त हत्यारांची पूजा केली. ह्याला कोण हात लावेल?"

आत्या उभी राहिली. मी तिच्याकडे बघत होते आणि ती बाबांकडे. बाबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते. ते गेल्या वर्षीचं होतं.

मला वाटलं आता स्फोट होणार. तिच्या कारखान्यात खंडेनवमीला तिने एक नियम घालून दिला होता: हळदकुंकू मशीनच्या पायाला लावा, फिरणाऱ्या वस्तूला बोट लावायचं नाही. एकदा कुणी तो मोडला तेव्हा ती त्याच्याशी महिनाभर बोलली नव्हती. आणि इथे तर एका ठिपक्यापायी तिचं स्कॅन झालं होतं, तिची किल्ली गेली होती, तिचे रविवार जायचे होते.

ती एवढंच म्हणाली, "सणाचे दिवस होते. लागलं असेल कुणाचं तरी बोट. तुझी काही चूक नाही, लाल दिसलं, लालवर बसवलंस. आता माझ्या टिंबावर बसव." आणि बोट फडक्याला पुसून टाकलं.

घरी येताना आम्ही रिक्षा केली. बाबा बाहेर बघत होते. रात्री भांडी आवरताना त्यांनी मला आपणहून सांगितलं. खंडेनवमीला ते चालत गॅरेजमध्ये गेले होते, गाडी कुठवर आली ते बघायला. गॅरेजवाला पूजा आटोपून नारळाचा प्रसाद वाटत होता. गाडी आतून मोकळी पडलेली त्यांनी पाहिली. टेबलावर हे चकचकीत चक्र पडलं होतं. हेच आत फिरत असतं एवढं त्यांना माहीत होतं. पूजेच्या ताटातलं कुंकू घेतलं, मधोमध लावायला गेले तर मधे भोक, म्हणून शेजारी लावलं. आणि हात जोडले.

"एकटी जाते ना ती एवढ्या लांब," ते म्हणाले. "मनात म्हटलं, हिला सांभाळ."

गाडी परत आली. भाऊबीजेच्या सकाळी आम्ही ठरल्याप्रमाणे आत्याकडे गेलो. तिने पाट मांडला, रांगोळीचं बोट ओढलं, बाबांना टोपी घालायला लावली. ते ओवाळून घ्यायला बसले तेव्हा एखाद्या गुन्हेगारासारखे खाली बघत होते. तिने निरांजन लावलं, करंगळीशेजारच्या बोटावर कुंकू घेतलं आणि लावायच्या आधी त्यांची हनुवटी धरून तोंड वर केलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, एक डोळा मिटून अंदाज घेतला, जसं ती मशीनवर बघत असेल तसं. मग दोन भुवयांच्या बरोबर मधे बोट टेकवलं.

"बघितलंस? असं मधोमध लावायचं," ती म्हणाली. "कडेला लावलं की लोकांना खूण वाटते."

बाबांचा चेहरा कसानुसा झाला. "ताई, तुला तेव्हाच कळलं होतं?"

"अरे, त्या दिवशी गॅरेजात कुंकू म्हणताच तू गेल्या वर्षीचं कॅलेंडर वाचायला लागलास. माका शिकवतंस?"

"त्याला मधे भोक होतं गं," ते पुटपुटले.

"तुझ्याही डोक्यात आहे. पण कपाळ ठीक आहे, म्हणून जमलं मला."

बाबा हसायला गेले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही एकदमच आलं. आत्याने ओवाळलं. दरवर्षी ते ताटात पाकीट घालतात. या वर्षी त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला, गाडीची किल्ली काढली आणि निरांजनाला धक्का लागणार नाही अशी जपून ताटात ठेवली.

आत्याने ती उचलली नाही. आधी ताट देवापुढे नेऊन ठेवलं, पाठमोरी बराच वेळ तिथे उभी राहिली. परत आली तेव्हा किल्ली तिच्या मुठीत होती आणि आवाज नेहमीचा, दटावणारा होता.

"रविवारी पहाटे तयार राहा," ती बाबांना म्हणाली. "मनोरीला जायचंय. मागे बसायचं, गप्प बसायचं, आणि तिसऱ्या गिअरमध्ये आरशात किती गाड्या दिसतात ते मला सांगायचं."

मी म्हटलं, "आणि मी?"

"तू घरी राहा," आत्या म्हणाली. "तिखल्याचं वाटण करून ठेव."